दुसऱ्या पाटाचा मान

नॉर्वेजियन शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच धड्यात गोड बातमी मिळते: इथे क्रियापद माणूस पाहून बदलत नाही. मराठीत खातो, खाते, खातोस, खातेस, खाता, खातात अशी रांग लावून आपण खाणाऱ्याचा पंचनामाच करतो. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, आम्ही आणि साक्षात राजा, सगळ्यांना एकच ‘स्पिसर’. विद्यार्थी खूश होऊन दुसरा धडा उघडतो आणि तिथे त्याचा चेहरा उतरतो. कारण भाषा फुकट काही देत नाही. रूपांत सोडलेलं ती क्रमात वसूल करते.

‘यै स्पिसर फिस्क’ म्हणजे मी मासे खातो. इथवर ठीक. पण ‘आज’ पुढे आणला की ‘इ दाग स्पिसर यै फिस्क’ म्हणावं लागतं. बिचारा ‘मी’ क्रियापदामागे जातो. विधानाच्या पंगतीत दुसरा पाट क्रियापदाचा. पहिल्यावर कोणीही बसो. मराठी क्रियापद यजमानासारखं सगळ्यांच्या शेवटी बसतं आणि वेळ पडली तर मध्येच उरकूनही घेतं. ‘खातेस’ म्हटल्यावर खाणारी कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही ना! नॉर्वेजियनमध्ये कर्ता गाळायची सोय नाही. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या बर्गनमध्येही नुसता पाऊस पडत नाही. ‘दे राइनर’ म्हणत ‘ते’ नावाचा एक निनावी कर्ता उभा करावा लागतो. त्यात ‘फॉर्दी’ म्हणजे ‘कारण’ आलं, की मुख्य वाक्यातलं ‘स्पिसर इक्के’ उलटून ‘इक्के स्पिसर’ होतं. कारणं सांगणाऱ्याने नकार आधी कळवावा, अशी शिस्त.

कोणी म्हणेल, इंग्रजी येणाऱ्याला यात अवघड ते काय? उलट, त्यालाच जास्त अवघड. इंग्रजीत ‘आज’ पुढे आला तरी कर्ता जागचा हलत नाही, आणि ती सवय इथे नेमकी आडवी येते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ज्या देशाने 1885 साली लेखनाच्या दोन भाषांना समान दर्जा दिला, जिथे बोलण्याची एकच प्रमाणभाषा नाही, जिथे ‘मी’सुद्धा कुठे यै, कुठे एग, कुठे नुसता ‘ए’ असतो, तिथे शब्दक्रमाचं कोण ऐकणार? शिवाय नाव विचारताना पुस्तक ‘वा हेतर दू’ म्हणतं, तर त्रोम्सोतले लोक ‘का दू हेते’ म्हणून क्रियापदाला खुशाल तिसऱ्या जागी बसवतात. खरं आहे. पण ही सवलत छोट्या प्रश्नार्थक शब्दांपुरती. साध्या विधानात त्रोम्सोकरही दुसरी जागा क्रियापदालाच देतो. सर्वनामावर एकमत नसलेला देश क्रियापदाच्या जागेवर जवळपास एकमताने उभा आहे, हे माझ्या म्हणण्याला बळच देतं.

तेव्हा नवशिक्याने रूपांचे तक्ते बाजूला ठेवून आधी जागा घोटाव्यात. आणि रडू नये. तीन लिंगं दोन्ही भाषांत आहेत. पण मराठी शिकणाऱ्या नॉर्वेजियन माणसाने भाकरी खाल्ली, मासा खाल्ला की भरीत खाल्लं, हे सांगण्यापूर्वी त्याला ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं लिंग विचारून घ्यावं लागतं.