गुडघे टेकलेले गृहस्थ

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एखाद्या बागेत साठी उलटलेला माणूस चिखलात गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पडलेला दिसला तर रुग्णवाहिका बोलावू नका. तो स्नोड्रॉप बघतोय. फूल जेमतेम वीतभर उंच, त्यातून मान खाली घालून उभं. तोंड बघायचं तर आपणच लोटांगण घालायचं.

या जमातीला तिकडे गॅलँथोफाइल म्हणतात. चेल्टनमला आमच्या शेजारी त्यातले एक अस्सल गृहस्थ राहतात. निवृत्त, सभ्य, मितभाषी. एरवी पावसाखेरीज दुसऱ्या विषयावर तोंड उघडत नाहीत, पण जानेवारी लागला की कुंपणावरून आपण होऊन हाक मारतात, “वेळ आहे का जरा?” नाही म्हणण्याची सोय नसते.

मग ते फूल दाखवतात. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, आतल्या तीन आखूड आणि त्यांच्यावर हिरवा ठिपका. सगळं महाभारत त्या ठिपक्यावरून. तो एक की दोन, टोकाशी की देठाशी, फिकट की गडद, यावरून फुलाला वेगळं नाव मिळतं. ‘ग्रम्पी’ नावाच्या जातीत दोन ठिपके डोळ्यांसारखे आणि खाली वाकडं तोंड, असा रुसलेला चेहरा खरोखरच दिसतो. बाकीच्या बाबतीत मी भिंगातून बघून “वा!” म्हणायला शिकलोय. थंडी जास्त असली की फूल मिटून बसतं, पारा 10 अंशांच्या आसपास गेला की उघडतं. तेवढा धीर नसेल तर गृहस्थ ते ओंजळीत धरून फुंकर घालतात. नातवंडांसाठीही त्यांना इतकं वाकताना मी पाहिलेलं नाही.

मुलगी बघायला आलेल्या काकूंसारखे ते आधी घराणं विचारतात. कुठल्या बागेतली, कुणाला सापडली, कुणी वाढवली? रानातल्या मूळ जाती विसेकच, पण नाव मिळालेले वाण शेकड्यांनी. हेन्री जॉन एल्विस यांना 1874 मध्ये तुर्कस्तानात सापडलेल्या जातीला पुढे त्यांचंच नाव मिळालं. त्यांची कोल्सबोर्नची बाग आमच्यापासून जवळ, त्यामुळे तिथे दर हिवाळ्यात गृहस्थांचा खेटा ठरलेला. एका ऑक्टोबरात गृहस्थांनी बायकोला ग्रीसला नेलं. बाईंना वाटलं, उशिरा का होईना, रसिकता सुचली. तायगेटस डोंगरावर पोचल्यावर कळलं की शरद ऋतूत फुलणारी जात तिथली. सगळी सहल बाईंनी नवऱ्याची पाठ बघण्यात घालवली.

पैशाचा विषय त्यांच्या घरात दबक्या आवाजात निघतो. 2012 मध्ये ‘एलिझाबेथ हॅरिसन’ या वाणाचा एक कंद 725 पौंडांना गेला, 2015 मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ 1390 पौंडांना आणि 2022 मध्ये ‘गोल्डन टिअर्स’ 1850 पौंडांना. एका कंदाला! चोऱ्या होतात त्या यामुळेच. म्हणून गृहस्थ महागड्या रोपांपाशी नावाची पट्टी लावत नाहीत, वहीत नकाशा काढतात. स्वस्तातल्यांना पट्ट्या असतात, पण त्या ब्लॅकबर्ड पक्षी उपटून टाकतात.

एका कंदाचे अनेक करायला उन्हाळ्यात शस्त्रक्रिया. कंदाचे उभे पातळ काप करायचे, प्रत्येकाला खालच्या तळाचा तुकडा राहिला पाहिजे. सुरी निर्जंतुक, श्वास रोखलेला. काप ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये घालून पिशवी उबदार अंधारात सुमारे तीन महिने ठेवायची, की प्रत्येकाला इवलासा कंद धरतो. घरातली उबदार अंधारी जागा एकच, टॉवेलांचं कपाट. टॉवेल आता जिन्यावर असतात. त्या कंदांना फूल यायला आणखी काही वर्षं लागतात. वयाच्या हिशेबाने हा आशावाद थोरच म्हणायचा.

फेब्रुवारीत त्यांच्याकडे मंडळी जेवायला येतात. सूप निवत राहतं आणि पाहुणे भिंगं घेऊन बागेत ओणवे. तिथे ‘साधा निवालिस’ (म्हणजे सगळीकडे दिसणारा नेहमीचा स्नोड्रॉप) हे शब्द ज्या सुरात उच्चारले जातात, त्या सुरात आपल्याकडे फक्त नापास मुलाबद्दल बोलतात. हाच साधा निवालिस चर्चच्या आवारात हजारोंनी फुलतो. मुंग्या त्याच्या बियांवरच्या तेलकट गाठीसाठी बिया ओढून नेतात आणि लागवड आपोआप पसरते. गृहस्थांच्या 60 पौंडांच्या कुंडीतलं रोप मात्र करड्या बुरशीने एका रात्रीत मान टाकतं. मग सगळा झुपका उपटून कचऱ्यात, खताच्या ढिगातही नाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे भाजीचा डबा पाठवतो.

तुम्ही तिकडे राहत असाल आणि हौस असेल, तर साधा निवालिसच घ्या. फुलं ओसरताना पानांसकट मिळणारी जुडी आणा, पानझडीच्या झाडाखाली ओलसर, पालापाचोळ्याच्या मातीत होती तेवढ्याच खोलीवर लावा. पानं आपण होऊन पिवळी पडेपर्यंत कात्री लावू नका. काही वर्षांनी दाटी झाली की फोडून दुसरीकडे लावा. पुण्याला कंद नेण्याच्या फंदात पडू नका. त्याला लागणारा हिवाळा महाबळेश्वरही देऊ शकत नाही. आणि शेजारी असा गृहस्थ असेल, तर “दोन्ही सारखीच दिसतात” हे वाक्य चुकूनही बोलू नका.