गुणवत्ता येते आहे, रांगोळी काढा

गुणवत्ता ही संस्थेत आढळणारी एक हंगामी अवस्था आहे. तपासणीच्या आदल्या दुपारी ती सुरू होते, समितीची गाडी आवारात शिरते तेव्हा ऐन भरात असते आणि गाडीची धूळ बसेपर्यंत ओसरते. तिची बाह्य लक्षणे ठरलेली आहेत : फाटकाशी रांगोळी, कुंड्यांना गेरू, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांवर ताजा चुना आणि एरवी कुलपात असलेल्या स्वच्छतागृहाची अचानक सापडलेली किल्ली. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत या अवस्थेचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात. शिरूरकडे रांजणगावची पंचतारांकित एमआयडीसी आहे, दौंडकडे कुरकुंभची रासायनिक वसाहत. ऊस, दूध, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि सरकारी कचेऱ्या दोन्हीकडे सारख्याच.

गुणवत्तेच्या व्याख्येवर विद्वानांचे एकमत नाही. जोसेफ जुरान यांच्या मते वस्तू वापरणाऱ्याच्या कामाला यावी, ही गुणवत्ता. फिलिप क्रॉस्बी यांच्या मते ठरवून दिलेल्या अटी पुऱ्या व्हाव्यात, ही गुणवत्ता. दोन्हींतला फरक दौंड स्थानकाबाहेर उभे राहिल्यास चटकन कळतो. मनमाडकडून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंड जंक्शनात काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्यात वेळ जाई. मग कॉर्ड लाईन झाली आणि इंजिन न बदलता गाडी परस्पर पुण्याकडे वळू लागली. प्रक्रियेतला निरुपयोगी टप्पा गाळणे हे गुणवत्तेच्या शास्त्रातले पहिल्या प्रतीचे काम; क्रॉस्बी खूश झाले असते. दौंडचा प्रवासी मात्र तेव्हापासून सामानासकट गावाबाहेरच्या कॉर्ड लाईन थांब्यावर उतरतो आणि जुरान यांच्या बाजूने मत देतो.

या शास्त्राचा जन्म कारखान्यात झाला. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये नियंत्रण आलेख मांडला. उत्पादनातला थोडा चढउतार स्वाभाविक असतो. वरची आणि खालची अशा दोन मर्यादारेषांच्या बाहेर बिंदू गेला तरच कारण शोधावे, एवढे त्याचे सार. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात येऊनही गेले. त्यांचे सहकारी एडवर्ड्स डेमिंग 1950 मध्ये जपानला गेले. जपान्यांनी त्यांचे ऐकले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. भारतानेही पाहुण्यांचे स्वागत उत्तम केले होते.

यानंतर 1987 साली आयएसओ 9001 हे मानक आले आणि गुणवत्ता भिंतीवर टांगता येऊ लागली. पुढे 1994, 2000, 2008 आणि 2015 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत या मानकाचा प्रसार साथीच्या वेगाने झाला : आयएसओ शाळा, आयएसओ अंगणवाडी, आयएसओ ग्रामपंचायत, आयएसओ पोलीस ठाणे. फलकावर मधोमध आयएसओचे बोधचिन्ह असते. आयएसओ ही जीनिव्हाची संघटना, आणि ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात, आणि आपले बोधचिन्ह प्रमाणपत्राच्या संदर्भात वापरण्यास संघटनेची स्पष्ट मनाई आहे. म्हणजे नियम पाळल्याची ग्वाही देणारा फलक हाच बहुतेक ठिकाणी पहिला नियमभंग ठरतो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे आणि मध्ये दरवर्षी देखरेखीची तपासणी, अशी रीत आहे. ऑइलपेंटला मुदत नसते, त्यामुळे फलक प्रमाणपत्रापेक्षा जास्त जगतो.

2015 च्या आवृत्तीने गुणवत्ता-पुस्तिकेची सक्ती काढून टाकली. कागद कमी आणि काम जास्त, असा त्यामागचा हेतू. कचेऱ्यांनी ही सूचना छापून घेऊन पुस्तिकेत लावली. कागदांच्या बाबतीत घोडनदीकाठच्या शिरूरला धडा घ्यायला फार लांब जाण्याची गरज नव्हती. नदीपलीकडच्या नगर जिल्ह्यात 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी, दप्तर आणि लोकांची कामे यांची घडी बसवली. जीनिव्हाच्या मदतीशिवाय. ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला, त्यावर प्रशिक्षणे झाली. पुढे 2017 मध्ये पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम आली. दप्तराचे सहा गठ्ठे बांधले गेले, निरुपयोगी कागद निघाले, खोल्या मोकळ्या झाल्या. काम खरेच झाले. अशा मोहिमांचा एकच दोष असतो : अधिकाऱ्याची बदली होते आणि मोकळ्या खोलीला पुन्हा कागद फुटू लागतात. जी सुधारणा साहेबांच्या बदलीबरोबर जाते, तिला डेमिंग व्यवस्था म्हणत नाहीत.

शाळांच्या गुणवत्तेसाठी ‘शाळासिद्धी’ हे स्वयंमूल्यमापन आहे. शाळेने स्वतःला गुण द्यायचे आणि पुरावे जोडायचे. कल्पना थोर आहे. प्रत्यक्षात स्वतःला कमी गुण देणाऱ्या मुख्याध्यापकाला सुधारणेचा आराखडा भरावा लागतो, खुलासा द्यावा लागतो, बैठकीला उभे राहावे लागते. त्यामुळे प्रामाणिकपणाचा खर्च वाढतो आणि विनय कमी होतो.

शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा उभी राहिली. गावाने जमीन दिली, लोकवर्गणी काढली, वर्गखोल्या वेगळ्या बांधल्या गेल्या आणि प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागू लागली. मराठी शाळेला प्रतीक्षायादी म्हणजे शूहार्टच्या आलेखावर वरच्या रेषेबाहेर गेलेला बिंदू. शास्त्र सांगते की असा बिंदू दिसला की चौकशी करावी. चौकशी झाली. 2021 मध्ये मुख्याध्यापक निलंबित झाले. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेत गेले आणि 2025 मध्ये त्या शाळेला ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ पुरस्कारांतले लोकपसंतीचे पारितोषिक मिळाले. आलेखाची खालची रेषाही असते, तिच्याखालच्या बिंदूंचीही चौकशी करायची असते, हा भाग प्रशिक्षणात बहुधा जेवणाच्या सुटीनंतर येत असावा.

कारखान्यांकडे वळल्यावर सूर थोडा बदलावा लागतो. रांजणगावात फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटारी तयार होतात आणि त्या चालतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. फ्रीज थंड झाला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा घेते. तहसील कार्यालय दुसऱ्या कंपनीचे मिळत नाही. पण इथेही उपहासाला जागा उरते, ती भिंतींवर. ‘शून्य दोष’, ‘गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी’, ‘पहिल्याच वेळी बरोबर’ अशा पाट्यांखाली कंत्राटी कामगार काम करतो, आणि त्याला काम पुरते हाताशी बसण्याआधी त्याचे कंत्राट बदलते. डेमिंग यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांतला दहावा मुद्दा सांगतो की घोषणा आणि पाट्या काढून टाका, कारण बहुतेक दोष व्यवस्थेत असतात आणि ते कामगाराच्या हातात नसतात. आठवा मुद्दा भीती घालवण्याचा आहे. चौदा मुद्द्यांची मोठी पाटी अनेक कारखान्यांत सुबक लावलेली सापडेल.

डेमिंग यांचा एक प्रयोग यासाठी शिकवला जातो. पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल. कामगाराने पन्नास खाचांची फळी पेटीत बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे दोष. कोणाला सात लाल येतात, कोणाला तेरा. सातवाल्याचा सत्कार होतो, तेरावाल्याला समज दिली जाते, दुसऱ्या फेरीत आकडे उलटतात. लाल मणी पेटीत कोणी टाकले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘आदर्श कर्मचारी’ पुरस्काराची निवड पाहिलेल्या माणसाला हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

जपानचे दुसरे देणे म्हणजे ‘जस्ट इन टाइम’. माल साठवायचा नाही, हवा तेव्हा हवा तेवढा मागवायचा. टोयोटाने ही पद्धत घडवली, पण शिक्रापूरचा चौक न बघता. पुणे-नगर रस्त्यावर सुट्या भागांचा साठा कारखान्यात नसतो हे खरे. तो कोंडीत उभ्या ट्रकांमध्ये असतो.

कुरकुंभची रसायने आणि औषधी द्रव्ये देशाबाहेर जातात, म्हणून तिथल्या शुद्धतेच्या कसोट्या कडक असतात. परदेशी निरीक्षक नोंदवही चाळतो, खाडाखोड पकडतो. मात्र रसायनशास्त्राचा नियम असा की अशुद्धी नाहीशी होत नाही, फक्त वेगळी होते. शुद्ध भाग पिंपात भरून बंदराकडे जातो. उरलेला कुठे जातो, याबद्दल आसपासची गावे वर्षानुवर्षे पाणी आणि वासाच्या तक्रारी करत आली आहेत. आयएसओच्या मानकात संबंधित घटकांच्या अपेक्षा ओळखाव्यात असे कलम आहे. विहिरीचा मालक हा संबंधित घटक आहे काय, यावर लेखापरीक्षकांचा अभ्यास चालू असावा. फेब्रुवारी 2024 मध्ये याच वसाहतीतल्या एका कारखान्यात पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. तिथे मालाच्या दर्जाबद्दल ग्राहकाची तक्रार आल्याची नोंद नाही.

गुणवत्तेचे खरे विद्यापीठ या दोन तालुक्यांत पहाटे उघडते, दूध संकलन केंद्रावर. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) या प्रतीला ठरतो. हे दोन आकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. मिल्कोमीटरच्या पडद्यावर आकडा उमटतो, पावती निघते, पैसे ठरतात. इतकी जलद आणि थेट गुणवत्ता-पद्धत रांजणगावातही नाही. तिच्यात एकच बारीक गोम आहे : यंत्र दूध घेणाऱ्याचे असते. मिल्कोमीटर आणि वजनकाटे नियमित तपासले जावेत, ही दूध उत्पादकांची जुनी मागणी आहे. 2023 मध्ये सरकारने या प्रतीच्या दुधाला लिटरला 34 रुपये दर ठरवला, तेव्हा काही खरेदीदारांनी दर मान्य केला आणि प्रतीखालच्या प्रत्येक पॉइंटमागची कपात वाढवली, असे शेतकरी संघटनांचे म्हणणे होते. उसाचीही तीच कथा. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर-उताऱ्याला बांधलेली असते; उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो, ऊस कारखान्याच्या काट्यावर चढतो आणि ‘काटामारी’ हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात येतो.

आकड्याला पैसे मिळू लागले की माल आकड्यासाठी तयार होतो. भेसळ करणाऱ्याने दुधात नुसते पाणी घातले तर एसएनएफ पडतो, म्हणून तो पावडरही घालतो. भेसळीचे दूध चाचणीत नापास होत नाही, ती चाचणी पाहूनच बनवलेले असते. दौंडच्या गुऱ्हाळांत याचा दुसरा प्रकार दिसतो. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो. रसायन न घातलेला गूळ बहुधा काळपट निघतो आणि मागे पडतो. मग काही ठिकाणी काहिलीत हायड्रोस पावडर पडते, काही ठिकाणी चक्क साखर, आणि अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात. इथे दोष गुऱ्हाळवाल्याच्या एकट्याच्या माथी मारणे सोपे आहे. अटी मात्र गिऱ्हाइकाने घातल्या होत्या, त्याही डोळ्याने. क्रॉस्बींच्या व्याख्येप्रमाणे तो गूळ उत्तीर्ण आहे.

सरकारी कचेऱ्यांचा सर्वांत अलीकडचा टप्पा 2025 चा. राज्याने कार्यालयीन सुधारणांचा 100 दिवसांचा कार्यक्रम घेतला आणि त्याचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे दिले. पाठोपाठ 150 दिवसांचा आला. संकेतस्थळे सुधारली, अडगळ निघाली, अभ्यागतांसाठी खुर्च्या आल्या. खुर्ची मिळाल्यामुळे थांबणे सुखाचे झाले. फेऱ्या किती कमी झाल्या हे मोजायचे असेल, तर ते खुर्चीवर बसलेल्यालाच विचारावे लागेल.

ते मोजण्याचे एक साधन आधीच नागरिकाच्या हातात आहे आणि त्याला फ्रेम लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली तर पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. कारणाशिवाय उशीर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा शिरूर किंवा दौंडच्या कचेरीत अर्ज देताना वाचकांनी आयएसओच्या फलकाखाली फोटो काढण्याऐवजी क्रमांक घातलेली पोच मागून घ्यावी.