दिसतंयकर

“माझ्याकडे दिसतंय.”

हे वाक्य ज्यांच्या कानावर कधी पडलेलं नाही त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर एव्हाना आपापला माणूस उभा राहिला असेल. आमच्या वाचनालयातल्या माणसाचं खरं आडनाव वेगळं आहे, पण आम्ही त्यांना दिसतंयकर म्हणतो. पाठीमागे म्हणतो असं लिहिणार होतो, पण तोंडावरही म्हणतो. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे ते बरं दिसत असावं.

दिसतंयकर बँकेत होते. बँकेत संगणक आले तेव्हा सगळ्या शाखेला सक्तीचं प्रशिक्षण होतं. बाकीचे चहा प्यायला गेले आणि हे शिकले, तिथून सगळं सुरू झालं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी पीएचपीचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि कार्यकारिणीच्या सभेत जाहीर केलं, की आता वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर शोधता येईल. आमचं वाचनालय तालुक्याचं, ‘ब’ वर्गातलं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान हातात पडेपर्यंत लाइटबिल कोणाच्या खिशातून भरायचं, यावर आमच्या सभा रंगतात. तिथे फुकटात काही मिळतंय म्हटल्यावर विरोध कोण करणार? ठराव एकमतानं मंजूर झाला. इतिवृत्तात सूचक म्हणून दिसतंयकर आहेत आणि अनुमोदकही तेच आहेत.

मग एका रात्री ग्रुपवर दुवा आला. ‘सूची तयार आहे. सर्वांनी पाहून अभिप्राय कळवावा.’ दुव्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं, लोकलहोस्ट. कोणालाच उघडेना. ग्रंथपाल बाईंनी फोन बंद करून चालू केला, मग भाचीचा फोन मागून आणला. अध्यक्षांनी थेट दिसतंयकरांनाच फोन लावला.

“अहो, उघडत नाहीये.”

“माझ्याकडे दिसतंय.”

“पण आमच्यापैकी कोणाकडेच नाही.”

“रिफ्रेश करा.”

लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रापुढे तुम्ही बसला आहात तेच यंत्र. त्याचा आकडी पत्ता १२७.०.०.१. म्हणजे हा दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला तो त्याच्याच घरी नेऊन सोडतो. इंटरनेटच्या नियमांनी १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त, घरातून निघून स्वतःच्याच घरी पोहोचण्यासाठी राखून ठेवले आहेत. एवढे कशाला लागतात हे मला कोडंच होतं. दिसतंयकरांची ओळख झाल्यावर ते सुटलं.

अध्यक्षांच्या पुतण्याकडे मात्र तो दुवा उघडला. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या लॅपटॉपवर त्याचा स्वतःचा सर्व्हर चालू होता. आमच्या ग्रंथसूचीच्या जागी त्याच्या प्रोजेक्टमधलं पिझ्झा मागवायचं पान झळकलं. अध्यक्षांनी तसं कळवल्यावर दिसतंयकर म्हणाले, “बघा, त्याच्याकडेही दिसतंय!”

हे फक्त संगणकापुरतं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. संकष्टीला ढग दाटून आलेत, उपास सोडायला अख्खी आळी गच्चीवर तिष्ठत उभी आहे, आणि दिसतंयकरांच्या गच्चीवरून हाक येते, “आमच्याकडे दिसला!” दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाचा चंद्र वेगळा असतो की काय? पण ते दिसला म्हणतात ना, म्हणून बायका जेवून घेतात. एकदा त्यांनी सुचवलेल्या स्थळाचा मुलगा पाहायला लोक गेले आणि मुलगा ठेंगणा निघाला म्हणून कुरकुरत परत आले. “मला तर उंच दिसला,” हे म्हणाले. स्वतः ते पाच फूट दोन इंच आहेत.

खरं तर या जातीची माणसं सगळीकडे मोक्याच्या जागी बसलेली असतात. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही अशी तक्रार घेऊन जा, सोसायटीचे चेअरमन म्हणतात, “माझ्याकडे तर येतंय.” चेअरमन तळमजल्यावर राहतात. सरकारी अर्जाचं पान शेवटच्या बटणावर येऊन अडकतं, फी कापली जाते, पावती येत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस आपला स्क्रीन थोपटून सांगतो, “इथे व्यवस्थित दिसतंय.” त्याच्याशी भांडता येत नाही, कारण तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे खरंच दिसत असतं. दिसतंयकरांना फार तर याबद्दल श्रेय देता येईल की ते या सगळ्यांपेक्षा स्वस्त पडतात.

शेवटी सूची वाचनालयाच्याच संगणकावर बसवायचं ठरलं. दिसतंयकर पेनड्राइव्ह घेऊन आले, झॅम्प टाकलं, त्यातल्या अपाचे या वेब सर्व्हरसमोरचं बटण दाबलं. हिरवा रंग आला आणि लगेच गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. वेब सर्व्हरला ऐकायला एक दार लागतं, त्याचा रूढ क्रमांक ८०, आणि एका दारावर एकालाच बसता येतं. आमच्या संगणकात ती जागा आधीच कोणीतरी बळकावली होती. दिसतंयकरांचा पहिला संशय विरोधी पॅनेलवर गेला. प्रत्यक्षात निघालं ते परदेशातल्या मुलाशी बोलायला खजिनदारांनी टाकलेलं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर. खजिनदार ते काढू देईनात. मग सर्व्हरला ८०८० क्रमांकाच्या दारावर बसवलं आणि ‘पत्त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन ८०८० लिहावे’ अशी चिठ्ठी भिंतीवर लागली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी त्या भानगडीत न पडता सरळ फोल्डर उघडून फाइलवर डबल क्लिक केलं. पीएचपीचं पान सर्व्हरमार्फत मागवलं तरच शिजून येतं. असं उघडलं की कच्चा कोड तसाच्या तसा समोर सांडतो. बाईंनी तो चष्मा लावून शांतपणे वाचला आणि आम्हाला कळवलं, की यात वापरकर्त्याचं नाव रूट आहे आणि पासवर्डाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून दिसतंयकर बाईंना थोडे वचकून असतात.

सर्व्हर रात्रंदिवस चालू राहावा म्हणून त्यांनी यंत्रावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. हा म्हणे मोठा वारसा आहे. जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या संगणकावर चालायचा आणि त्यावरही लाल शाईनं, हातानं लिहिलेली अशीच चिठ्ठी होती. पण सर्नमध्ये आमच्या मावशी नव्हत्या. मावशींनी नवी चिठ्ठी वाचली. मग दाराजवळची जुनी वाचली, ‘जाताना मेन स्विच बंद करावा, हुकुमावरून’. जुनीवर अध्यक्षांची सही होती. मावशींनी यंत्राला हात न लावता मेन स्विच बंद केला. सकाळी राउटर जागा झाला तो सर्व्हरला नवाच क्रमांक देऊन, आणि आदल्या दिवशी वाचन कक्षातल्या संगणकावर उघडणारं पान बेपत्ता. काउंटरवर बसलेले दिसतंयकर काय म्हणाले हे सांगायला नको.

आता मराठीचं सांगतो. एकदाचं पान उघडलं, पण अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरका फटकारा मारलेला रोमन ‘ए’ ओळीच्या ओळी भरून. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असतं. पान कोणत्या पद्धतीनं वाचायचं हे ब्राउझरला सांगितलं नाही, तर तो एकेक बाइट सुटा धरून युरोपियन अक्षर म्हणून छापतो. साधं ‘मी’ लिहिलं तर दोन वेळा तो ‘ए’, शिवाय नोंदणीकृत व्यापारचिन्ह, जपानी येन आणि युरो एवढं सगळं उमटतं. ‘मी’ म्हणताच इतकी मालमत्ता हजर होणारी दुसरी भाषा माझ्या पाहण्यात नाही. दिसतंयकरांकडे मात्र घरी स्वच्छ मराठी दिसत होतं. पुतण्यानं सुट्टीत जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की त्यांनी आपल्या ब्राउझरच्या मेनूत हातानं युनिकोड निवडून ठेवलं होतं. पानात एक ओळ घालायची होती. ती घालण्याऐवजी गृहस्थानं स्वतःची नजर बदलून घेतली होती!

ती ओळ पुतण्यानं घातली आणि सगळे खूश झाले. त्याच उत्साहात दिसतंयकरांनी वाचनालयाच्या यंत्रावर नवा तक्ता उघडला आणि सूची त्यात ओतली. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. २०१८मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो लॅटिन अक्षरं आणि स्वीडिश वर्णक्रम गृहीत धरायचा. दिसतंयकरांनी काही सांगितलं नव्हतं. स्वीडिश तक्त्यात मराठी मावेना, तेव्हा त्यानं प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह नोंदवून घेतलं. कादंबऱ्या, चरित्रं, संतवाङ्मय, सगळी प्रश्नचिन्हं. त्या येन-युरोंतून मूळ अक्षर परत काढता येतं. प्रश्नचिन्ह झालं की मागे काही उरत नाही.

“तुमच्या घरच्या संगणकावर प्रत असेल ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझ्याकडे…” दिसतंयकर म्हणाले आणि थांबले. आता सगळं इकडे आलं म्हणून त्यांनी घरचं यंत्र आदल्याच रविवारी फॉरमॅट केलं होतं.

इथे दुसरा कोणी असता तर राजीनामा देऊन मोकळा झाला असता. आमच्या कार्यकारिणीत राजीनामे देण्याची जुनी आणि उज्ज्वल परंपरा आहे. दिसतंयकर दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन आले, कपाटातून दाखल रजिस्टरं काढली आणि पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला बसले. वाळवीनं खाल्लेली पानं, उडालेली शाई, तीन पिढ्यांतल्या ग्रंथपालांची अक्षरं. भिंग लावून वाचायचे. शाई पुसट आहे म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, शाई पुसट आहे. हे किती महिने चाललं ते इतिवृत्तात नाही, कारण ठराव काही झाला नव्हता. या काळात मी त्यांना एकदाही चहा विचारला नाही असं ते लोकांना सांगतात. हे साफ खोटं आहे.

नवी सूची आली ती जरा विचित्रच. अक्षरं एवढी मोठी, की पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव येईपर्यंत पडदा संपे आणि ‘उपलब्ध आहे की नाही’ हा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर जाई. मागचा रंग तर असा कडक निळा-जांभळा, की मंडपवाल्यानंही परत पाठवला असता. सूचना वहीत तक्रारींची रांग लागली. ‘पान नीट दिसत नाही.’ ‘रंग बदलावा.’ ‘डोळे दुखतात.’ दिसतंयकर वही उघडायचेच नाहीत. तोंडी विचारलं की एकच उत्तर. मग आम्ही विचारणं सोडलं. आहे त्या रंगाची सवय होते.

पुढे गावात नेत्रशिबिर झालं, त्यात दिसतंयकरांच्या दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. डॉक्टर सुनेला म्हणाले म्हणे, की हे वर्ष-दोन वर्षं कशाच्या जोरावर वाचत होते? मोतीबिंदू पिवळट पडतो आणि निळा रंग अडवून धरतो. त्यामुळे माणसाला फिकट निळा दिसायला हवा असेल तर त्याला चांगला भडक निळा लावावा लागतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं होतं. १९२३मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्यानं आपली काही चित्रं पुन्हा रंगवायला घेतली. आमच्याकडे चित्रं नव्हती, सूची होती.

दोन्ही डोळे झाल्यावर दिसतंयकर काळा चष्मा लावून वाचनालयात आले आणि काउंटरवर पान उघडून बसले. चष्मा काढला. पुन्हा लावला.

“हा रंग कोणी टाकला?”

“तुम्हीच,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

“आणि तुम्ही सगळे इतके दिवस हे बघत बसलात? एकाला तोंड नव्हतं सांगायला?”

बाईंनी काही न बोलता सूचना वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पहिल्यापासून वाचली, भिंगाशिवाय, आणि बँकेतल्यासारखं लाल पेननं प्रत्येक तक्रारीखाली ‘दुरुस्त केले’ लिहून तारीख टाकत गेले. जांभळा रंग त्याच दुपारी गेला. एका पानावर मात्र त्यांचं पेन थांबलं. पेठेतल्या एक आजी रोज कादंबरी बदलायला येतात, त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘संगणकातली अक्षरे मोठी आहेत. मला चष्म्याशिवाय वाचता येतात. कृपया लहान करू नयेत.’ तिथे दिसतंयकरांनी ‘मान्य’ असं लिहिलं.

पुस्तक उपलब्ध आहे की नाही हे बघायला आम्हाला अजूनही पान उजवीकडे सरकवावं लागतं.