दावोसची हवा मानवली

मराठी माणसाला दावोस ठाऊक आहे ते जानेवारीतल्या वर्तमानपत्रांमुळे. पहिल्या पानावर बर्फ, बर्फापुढे जाड कोटातले मंत्री आणि खाली इतक्या लाख कोटींचे सामंजस्य करार. हे गाव करारांच्या कितीतरी आधी खोकल्यावर उभं राहिलं, हे मात्र त्या बातमीत कधी येत नाही. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर श्पेंग्लर नावाच्या डॉक्टरनं पाहिलं, की इथल्या लोकांना क्षय होत नाही. झालं! साडेपंधराशे मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात युरोपभरचे पैसेवाले क्षयरोगी येऊन सज्जात आडवे पडू लागले. त्यांच्यात लेखकही होते. कुणी स्वतः खोकत आले, कुणी खोकणाऱ्या बायकोला घेऊन.

या लेखकांच्या खुणा बघत हिंडायचा माझा बेत होता. सोबतीला चुलतभाऊ, आमचे दादा. दादांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात क्षयरोग्यांना गोळ्या देण्यात गेली. साहित्याच्या वाटेवर असा माणूस बरोबर घेऊ नये.

"स्टीव्हन्सननं 'ट्रेझर आयलंड' इथे पूर्ण केली," मी भारावून सांगितलं.

"थुंकी तपासली होती त्याची? साल कुठलं?"

"१८८१-८२चा हिवाळा."

"मग काय तपासणार, कपाळ! कॉखनं जंतू दाखवला मार्च १८८२मध्ये."

कॉनन डॉयल बायकोच्या क्षयापायी इथे आला. डिसेंबर १८९३मध्ये त्यानं शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्याच धबधब्यात ढकललं आणि मार्च १८९४मध्ये स्वतः स्कीवरून खिंड ओलांडून शेजारच्या अरोसाला गेला. "आणि बायको?" दादांनी असं विचारलं, की डॉयल आमच्याच घराण्यातला असावा.

खरी वाट टॉमस मानची. वाल्डहॉटेलपासून शात्सआल्पपर्यंत झाडीतून चढत जाते, मधेमधे फलक. हे हॉटेल म्हणजे पूर्वीचं सॅनेटोरियम. १९१२मध्ये मानची बायको कात्या तिथे होती. तिला भेटायला तो तीन आठवडे आला, त्याला खोकला झाला आणि तिथल्या डॉक्टरनं छाती ठोकून सांगितलं, सहा महिने राहा. मान घरी पळाला आणि एक छोटीशी विनोदी गोष्ट लिहायला बसला. ती १९२४मध्ये दोन खंडांत बाहेर आली. 'द मॅजिक माउंटन'चा नायक आजारी चुलतभावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षं राहतो. दिवसातून चारदा तोंडात थर्मामीटर, पाचदा जेवण, उरलेला वेळ ब्लँकेटात गुंडाळून आरामखुर्चीत.

दादा चढावर थबकले. "पाचदा? सात वर्षं? बिल कोण भरायचं?"

"घरचा पैसा होता."

"तरीच बरा होत नव्हता! अरे, सहा महिने तर आमचाही कोर्स. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, सगळं फुकट. पेशंट घरी जेवतो, शेतावर जातो."

म्हणजे दादा तेव्हा दावोसला असते, तर जागतिक वाङ्मयातला हा हजार पानांचा ऐवज केसपेपरवर आटोपला असता. चाळीसच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि सॅनेटोरियमांची हॉटेलं झाली. रोगी गेले, दर राहिले. वाट मात्र अशी चढाची, की ज्याची फुप्फुसं अधू आहेत त्यानं घरी बसून पुस्तकच वाचावं. १८९९पासूनची फ्युनिक्युलर गाडी आहे. पण साहित्यप्रेम नडतं.

कादंबरीत शात्सआल्पवरची प्रेतं हिवाळ्यात बॉबस्लेडवरून खाली पाठवतात. त्याच डोंगरावरून आता पर्यटक पैसे मोजून किंचाळत घसरत येतात. हे ऐकून दादा म्हणाले, "उतरताना गाडीनंच जाऊ."

वर पोहोचलो तेव्हा मला धाप लागली होती. दादांनी उन्हातली एक आरामखुर्ची पकडली, पाय लांब केले आणि कॉफी मागवली. मग केक. मग आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्यांनी बोटानंच सांगितलं. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी त्यांना हलवलं, तर डोळे न उघडता त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाडी जलद आहे तुझी," दादा म्हणाले. "आजचा दिवस राहू. उद्या बघू."