नमुनेदार

चंद्रपूर-गडचिरोलीत एखाद्याचं बांधकाम फ्लोअरिंगवर आलं की त्याची मान खाली जाते. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर नवरा-नवरी ताटकळत उभे असतात, आहेराची रांग लागलेली असते आणि हा गृहस्थ पाकीट हातात धरून पायाखाली बघत असतो. मागच्याला वाटतं, ह्याचं काही पडलं. तोही वाकून शोधू लागतो. तेव्हा हा हळूच विचारतो, "ही दोन बाय चार असन ना जी? काय फुटानं पडली असन?"

हा इसम तसा सगळीकडे सापडतो. वेकोलि या कोळसा कंपनीतला क्लार्क, झेडपीचे गुरुजी, वीज मंडळाचा लाइनमन, कोणीही पन्नाशी ओलांडून तुकूमला किंवा मूल रोडला प्लॉट घेतला की त्याला ही बाधा होते. पण तिचं सर्वांत मुरलेलं रूप वनखात्यात बघायला मिळतं, म्हणून मी आपला नाकेदार साहेबांनाच धरतो. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल होऊन निवृत्तीला टेकले, लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत नाकेदारच.

या माणसाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सगळी नोकरी भामरागड, एटापल्ली, पेंढरी अशा ठिकाणी झाली. राहायला खात्याचं क्वार्टर. वर कवेलू आणि कवेलूंवर माकडं, खाली सिमेंटचा कोबा आणि कोब्याच्या भेगांत मुंग्या. बदली कुठं व्हायची ते वरून ठरलं. भिंतीचा रंग बांधकाम खात्यानं ठरवला. पोरांची शाळा किती दिवस भरायची ते पर्लकोटेच्या पुरानं ठरवलं. जावई मुलीनं ठरवला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हात जोडून विचारलं, "साहब, आपको कैसा चाहिए?" तो टाइलचा दुकानदार निघाला. ठरवायचं जे जे राहून गेलं होतं ते सगळं मग त्या दुकानात बाहेर पडलं.

पहिल्या दिवशी साहेबांना टाइल म्हणजे टाइल एवढंच माहीत होतं. आठवडाभरात ते दुकानदाराला शिकवू लागले. डबल चार्ज म्हणजे रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल, घासली तरी आतून तोच रंग. जीव्हीटी म्हणजे वर छापलेली नक्षी आणि तिच्यावर काचेचा लेप, दिसायला देखणी पण ओरखडा पडला की संपलं. व्हिट्रिफाइड पाणी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, भिंतीची सिरॅमिक दहा टक्क्यांच्या वर पिते. शेवटच्या मुद्द्यावर मात्र साहेबांचा कोणावरच विश्वास नव्हता. त्यांनी नमुन्याची टाइल किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली, रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी पुसून पुन्हा तोलली. काटा डाळ-तांदूळ तोलायचा, पन्नास ग्रॅमच्या खाली तो हलत नाही. "थेंब पेली नाही," साहेबांनी जाहीर केलं आणि टिपणवहीत तशी नोंद केली. पंचनाम्याची सवय, त्यामुळे खाली किराणावाल्याची साक्षीदार म्हणून सहीसुद्धा.

तेव्हापासून खांद्यावर कायम एक कापडी पिशवी आली. तिच्यात टाइलचे तुकडे, हळदीची पुडी, मोटरसायकलची चावी आणि खिळा. चावीनं ओरखडा काढायचा, हळद लावून उन्हात ठेवायची, चहा सांडायचा. ज्याच्या घरी जातील तिथं पिशवीतला तुकडा काढून त्याच्या फरशीवर ठेवायचे आणि डोळे बारीक करून दुरून बघायचे. यजमानाला आपली फरशी कमी लेखली जातेय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

लोकांची ओळखही ते आता जमिनीवरून ठेवतात. नाव विसरतील, फरशी विसरणार नाहीत. "ते पाहा ना, कापसी मोझॅकवाले, ज्यांच्या पोराचं लग्न वडस्याले झालं." घराचं वय तर ते दारातून सांगतात. शहाबादी असेल तर वडिलोपार्जित. मोझॅक म्हणजे खाणीतली जुनी भरती. मकराना म्हणजे ठेकेदार. दोन बाय दोन म्हणजे सहावा वेतन आयोग आणि दोन बाय चार म्हणजे सातवा. हे शास्त्र मी पडताळून पाहिलं आहे. चुकत नाही.

रंगाचा प्रश्न मात्र त्यांना पुरून उरला. पुण्या-मुंबईची माणसं रंग डोळ्यांनी निवडतात, आपल्याकडे तो धुळीनं निवडावा लागतो. चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं वीज केंद्र आणि चहूकडे कोळशाच्या खाणी. सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी काळी. गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, तिथली धूळ राखाडी. आणि आष्टी-आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, तिकडे झाडाची पानंसुद्धा लाल. साहेबांचं घर चंद्रपुरात, शेती एटापल्लीकडं, आणि मोठा मुलगा गडचांदूरच्या कारखान्यात. दिवाळीला सगळे एकत्र आले की तिन्ही रंगांची पावलं हॉलमध्ये उमटणार. साहेबांनी वहीत तक्ता केला. पांढरी घेतली तर काळं दिसतं, काळी घेतली तर राखाडी दिसतं, राखाडी घेतली तर लाल दिसतं. दुकानदारानं शंभर रंग दाखवले. शेवटी कोपऱ्यात पडलेली, माती-धूर-राख असा सगळा गोंधळ अंगावर असलेली एक टाइल साहेबांनी स्वतः ओढून काढली. "हे तो रिजेक्शन में है साहब," दुकानदार म्हणाला.

"हेच पाह्यजे. दुकानातच मळकी दिसते ते घरी काय मळन?"

बाईसाहेबांनी इतके दिवस काही म्हटलं नव्हतं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "अजी, पुसनार कोन हाय? तुमी?" एवढ्या एका प्रश्नावर स्वयंपाकघर साहेबांच्या हद्दीतून गेलं. तिथं बाईंनी एका फेरीत, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत टाइल ठरवली आणि भाव पाडून घेतला. ओट्यामागच्या भिंतीला मात्र दुकानदारानं हायलायटर गळ्यात मारलाच. टाइलवर वाफाळत्या कॉफीचे कप आणि शेजारी कॉफीच्या बिया. या घरात आजवर कोणी कॉफी प्यायलेली नाही. सासूबाईंना त्या बिया चारोळीच्या वाटतात.

न्हाणीघराला डॉल्फिन मिळाले. समुद्र या गावापासून किती लांब आहे हे नकाशात बघावं. नळ एक दिवसाआड येतो ते वेगळंच. "ताडोबा स्पेशल" म्हणून दुकानदारानं दर्शनी भिंतीसाठी आठ टाइल जुळवून होणारा एक वाघही दाखवला होता, अगदी अंगावर येणारा. मुलांना आवडला. साहेब म्हणाले, "नको गा. वाघ पाह्यला का मले गाईचा पंचनामा आठवते." घरात शिरताना रोज नुकसानभरपाईचा अर्ज दिसावा असं कोणाला वाटेल?

आणि आता झोपायची खोली. इथं मला साहेबांची खरी गंमत वाटते. ज्यांनी उमेदीची वर्षं आलापल्लीच्या सागवानात काढली, खोडाची गोलाई हातानं मापली, तोडलेल्या लाकडावर खात्याचा हातोडा मारला, त्यांनी खोलीसाठी निवडली वुडन फिनिश. आठ इंच रुंद, चार फूट लांब, हुबेहूब सागवानी फळी. गाठी आहेत, वर्षवलयं आहेत, मधूनच वाळवी लागल्यासारखी बारीक रेघसुद्धा आहे. माल अर्थातच मोरबीचा. ज्या सागाची कीर्ती एवढी, की मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी तो मिरवणूक काढून पाठवला गेला, त्या सागाच्या मुलखात सौराष्ट्रातल्या भट्टीत १२०० अंशांवर भाजलेली माती साग म्हणून येऊन बसते. मी साहेबांना हे बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे नोकरीत नवीन लागलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "खऱ्या सागाले टीपी, वाहतुकीचा पास लागते जी. फुटाचा भाव आयकून बेडरूममधी झोप येनार नाही. आन उद्या कोनी म्हनलं, नाकेदारानं घरात साग कुठून आनला? याचं बिल हाय मापाशी." मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, "आन याच्यातली ही गाठ पाह्यली का? प्रत्येक चौथ्या फळीवर तेच झाड." जंगल तसं कधी असत नाही, हे त्यांना कळतं. म्हणून मिस्त्रीला सांगून त्यांनी ती सारख्या गाठीची फळी दर वेळी उलटी फिरवून लावून घेतली. खोलीचं विरळणीचं काम ते स्वतः उभं राहून करत होते.

मोजमापात तर खातं बोलायचं. दोन बाय दोनच्या एका खोक्यात चार टाइल, म्हणजे सोळा फूट. हॉल बारा बाय चौदा, १६८ फूट, म्हणजे साडेदहा खोकी. अर्धं खोकं कोणी देत नाही, अकरा घ्या. कापाकापी आणि तूट धरा, बारा घ्या. नंतर एखादी फुटली आणि त्या बॅचचा माल संपलेला असला तर? तेरा. बॅच नंबर बदलला की छटा बदलते, हे त्यांना कोणीतरी घाबरवून सांगितलं होतं. त्यामुळे ट्रक आला तेव्हा साहेब सवयीनं आडवे आले, ड्रायव्हरकडे पास मागितला, प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर वाचला आणि खडूनं क्रमांक टाकला. उरलेली खोकी आज दिवाणाखाली आहेत. ती तिथंच राहणार. या दोन जिल्ह्यांत असा एक दिवाण दाखवा ज्याच्या खाली टाइल नाहीत.

आईंची खोली राहिली. आई मूळच्या कुरखेड्याकडच्या, शेणानं सारवलेल्या जमिनीत वाढलेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: माह्या खोलीत काही लावू नका. मोहफूल कुठं वाळवू, धान कुठं पसरवू, आन पाय घसरला तर उचलाले कोन येईल? साहेबांनी समजूत काढली, खास खरबरीत, पाय न घसरणारी टाइल आणली, ती बसवताना मिस्त्रीकडून पाण्याचा उतारसुद्धा काढून घेतला. आईंनी तिच्यावर पहिल्याच दिवशी बारदान अंथरलं. बारदानावर मोहफूल. मे महिन्यात पारा छेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला, कूलर गरम हवा फेकू लागला, तेव्हा त्या मात्र न सांगता हॉलमध्ये गेल्या आणि रिजेक्शनच्या त्या गार टाइलवर काही न अंथरता आडव्या झाल्या. "हे बरी हाय," एवढंच म्हणाल्या. साहेबांना निवृत्तीच्या समारंभातही इतकं समाधान मिळालं नसेल.

वास्तुपूजन झालं. दोनशे पानं उठली. पाहुण्यांनी पडदे बघितले, देवघर बघितलं, स्वयंपाकघरातल्या कॉफीची तारीफ केली. हॉलच्या टाइलकडे बघून एका व्याह्यांनी विचारलं, "फरशी अजून पुसली नाही वाटते?"

साहेब त्यानं खचले नाहीत, कारण तोवर त्यांना दुसरं काम मिळालं होतं. आता ते सल्लागार आहेत. ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत कुणाचंही बांधकाम निघालं की साहेबांना फोन जातो. नाही गेला तरी ते जातात. खिशात एक रुपयाचं नाणं असतं. नाण्यानं टाइल वाजवायची. भरीव वाजली तर खाली माल पूर्ण भरला, पोकळ वाजली तर मिस्त्रीनं चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे लावून मोकळं केलं. कान त्यांचा पक्का आहे, झाड आतून पोकळ आहे का हे त्याच कानानं ओळखायचे.

परवा ओळखीतल्या एकाच्या तेरवीला आम्ही बरोबर होतो. फोटोला हार घातलेला, उदबत्ती लावलेली, घरची माणसं भिंतीला टेकून बसलेली. साहेबांनी फूल वाहिलं, नमस्कार केला, उठताना टेकलेला हात जमिनीवर जरा जास्तच वेळ ठेवला. मग बोटाच्या पेरानं दोनदा हळूच टकटक. गेलेल्याच्या मोठ्या मुलानं रडवेल्या डोळ्यांनी वर बघितलं. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबानं लय सोसलं, बेटा. मिस्त्री कोन होता?"