पित्ताशयाचे पेढे

पुत्रजन्म झाला असता पेढे वाटावेत आणि कन्यारत्न लाभले असता बर्फी अथवा जिलबी वाटावी, हा दंडक प्रसूतिगृहांच्या कृपेने आपल्याकडे इतका दृढमूल झालेला आहे की, जिन्यावरून कोणता पुडा वर चालला आहे एवढे पाहून दारावरचा पहारेकरीदेखील आतली वार्ता बिनचूक सांगू शकतो. परंतु ज्या गृहस्थाचे पित्ताशय खड्यांसह काढून टाकण्यात आले आहे, म्हणजे ज्याच्या घरात एक माणूस वाढण्याऐवजी माणसाचा एक अवयव कमी झाला आहे, त्याने डिस्चार्जच्या दिवशी काय वाटावे, ह्याविषयी धर्मशास्त्र, रूढी आणि मिठाईवाले हे तिघेही सारखेच मौन पाळतात. माझ्या बाबतीत हा प्रश्न उपस्थित होताच आमच्या घरी जी सभा भरली, तीत पेढ्यांचाच ठराव बहुमताने संमत झाला. ज्या दिवशी मला स्निग्ध पदार्थ वर्ज्य असल्याचा लेखी हुकूम मिळाला, त्याच दिवशी माझ्याच नावाने खव्याचे पुडे वाटले जावेत, ह्यातील क्रौर्य माझ्याखेरीज कोणालाही जाणवले नाही.

वाटपातला खरा पेच इस्पितळातील पाळ्यांचा असतो. पेढ्यांचा पुडा सकाळच्या पाळीच्या हाती पडतो, दुपारच्या पाळीला त्याचा सुवास येतो, आणि जिने रुग्णाचे कण्हणे खऱ्या अर्थाने ऐकलेले असते त्या रात्रपाळीच्या वाट्याला पुठ्ठा आणि दोरा तेवढा उरतो. म्हणून जाणत्या माणसाने तीन पाळ्यांचे तीन पुडे न्यावेत आणि रात्रीचा पुडा रात्रीच न्यावा. मात्र डिस्चार्ज मिळालेला मनुष्य पुन्हा रात्री इस्पितळात जाण्यास सहसा राजी नसतो, ही ह्या योजनेतील अडचण आहे.

शल्यविशारदांचे ऋण त्या मानाने सोपे, कारण ते बिलात आकड्यांनी मांडलेलेच असते. तरीही रुग्णाचे समाधान होत नाही, आणि तो एक गणपती घेऊन जातो. पितळी, संगमरवरी, काचेचे, पगडीधारी, पुस्तक वाचणारे असे गणपती नामांकित डॉक्टरांच्या कपाटात वर्षानुवर्षे दाटीवाटीने बसलेले असतात, आणि त्यांच्या विसर्जनाची तिथी कोणत्याही पंचांगात नसते. औषधकंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी स्वीकारू नयेत, असा निर्बंध भारतीय वैद्यक परिषदेने 2009 साली घातला खरा, पण त्याचा रोख कंपन्यांवर होता; रुग्णांच्या गणपतींपासून डॉक्टरांचे रक्षण करण्याचा विचार त्यात नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीला लोक बरे झालेल्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहतात, ती पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते; परंतु मेणाचा हात किंवा पाय कोणीही ओळखील, मेणाचे पित्ताशय ओळखणार कोण?

पूर्वीच्या शेठलोकांपुढे असले पेच नव्हते. जमशेटजी जीजीभाईंनी लाख रुपये दिले, आणि 1845 साली मुंबईत उघडलेले इस्पितळ त्यांच्या नावाने चालू लागले. डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या इस्पितळात 1867 पासून दाखल होणारा प्रत्येक रुग्ण ‘ससूनला आहे’ असेच सांगितले जाते. ज्यांची ऐपत इमारतीची नाही ते खाट देतात, आणि ज्यांची खाटेचीही नाही ते पंखा देतात. पंख्याच्या पात्यावर दिवंगत आप्ताचे नाव रंगविण्याची ही चाल उदात्त असली, तरी खाटेवर उताणे पडलेल्या मनुष्याच्या दृष्टीने तिचा पुनर्विचार व्हावा असे मला वाटते. कारण वीज असते तोवर काही दिसत नाही, पण ती गेली की पाते मंदावत मंदावत थांबते आणि ‘कै.’ हे अक्षर नेमके आपल्या कपाळावर येऊन स्थिरावते.

रोख रकमेचा विषय नाजूक आहे. सरकारी इस्पितळातील सेवकांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत आणि त्यांच्या पाठीशी 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम उभा आहे; अन्यत्र ‘बक्षीस देऊ नये’ अशी पाटी असते, आणि देवघेव बहुधा त्या पाटीखालीच होते, कारण उजेड तिथे बरा असतो. माझ्यापुरता मी एवढाच विवेक ठेवला आहे, की स्ट्रेचर हलण्यापूर्वी मागितली जाते ती जकात, आणि तिचा कृतज्ञतेशी काहीही संबंध नाही.

परिचारिकांसाठी 12 मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिन राखून ठेवलेला आहे, पण त्या सुमारास आजारी पडण्याचा योग प्रत्येकालाच येतो असे नाही. सिस्टरांचे बारकाईने निरीक्षण केल्यावर माझी खात्री झाली आहे की, त्यांना गुलाबाच्या फुलापेक्षा पेनांची गरज अधिक आहे. राउंडला आलेला प्रत्येक डॉक्टर सही करण्यासाठी त्यांच्याकडून पेन मागून घेतो आणि ते आपल्या खिशाला लावून पुढच्या वॉर्डात मार्गस्थ होतो. साधी, स्वस्त, डझनाने मिळणारी पेने दिली, तेव्हा आमच्या वॉर्डाच्या सिस्टरांनी ती पेढ्यांच्या आधी कुलुपात ठेवली.

राहता राहिल्या मावशी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात जो वायू भरतात, त्याच्यामुळे पुढे खांदा दुखतो, हे वैद्यकीय ज्ञान मला मध्यरात्री, हृदयविकाराच्या शंकेने घामाघूम झालो असता, मावशींकडून प्राप्त झाले. “काय न्हाई, ग्यास हाय तो, चालल्यावर जाईल,” असे म्हणून त्यांनी ड्यूटीवरच्या सिस्टरांना विचारले आणि मला धरून वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविले. ह्या उपकाराची लेखी नोंद व्हावी अशी इच्छा मी आमच्या मेव्हण्यांपाशी प्रकट केली. मेव्हणे कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ‘विषय’, ‘संदर्भ’ आणि ‘महोदय’ ह्यांसह, मावशींचे संपूर्ण नाव, वॉर्ड, दिनांक आणि वेळ नमूद करून एक नमुनेदार पत्र सिद्ध केले आणि इस्पितळात असलेल्या एकमेव पेटीत टाकले. त्या पेटीवर ‘तक्रार’ असे लिहिलेले होते. प्रशंसेसाठी पेटी ठेवण्याची गरज त्या संस्थेस आजवर भासलेली नव्हती.

टाके दाखवायला गेलो तेव्हा मावशी हातात कागद घेऊन उभ्या होत्या. “सायब, काय लिवलंत वो माझ्यावर?” पेटीतून निघालेल्या प्रत्येक कागदास आवक क्रमांक देऊन संबंधिताचा खुलासा मागविणे, एवढेच कार्यालयास ठाऊक असल्यामुळे, रुग्णास रात्री दोन वाजता कोणाच्या आदेशाने खाटेवरून उठविले, ह्याचा सात दिवसांच्या आत लेखी खुलासा करण्याविषयी त्यांना ताकीद आली होती.

खुलासा अर्थातच मेव्हण्यांनी लिहिला. निवृत्तीनंतर त्यांच्या मुद्रेवर इतके तेज मी पाहिले नव्हते. ड्यूटीवरील सिस्टरांची तोंडी सूचना, केसपेपरवरील नोंद, प्रस्तुत रुग्ण हयात असल्याची वस्तुस्थिती, असे मुद्दे त्यांनी एकामागून एक रुजू केले, आणि प्रकरण दप्तरदाखल झाले. ह्या विजयाची वार्ता तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पसरली. आता रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर कोणाचा रजेचा अर्ज, कोणाची भविष्यनिर्वाह निधीतून उचल, कोणाची नावातील चुकीची दुरुस्ती, असे कागद घेऊन मावशी आणि मामा येत असतात. गेल्या खेपेस एक मामा धुलाई-भत्त्याच्या थकबाकीचे प्रकरण घेऊन आले होते. मेव्हण्यांनी त्यांना चहा पाजला, अर्ज दोन प्रतींत लिहून दिला, आणि सहपत्रे अपुरी असल्याबद्दल खडसावून परत पाठविले.