भुतांचा अनुशेष

मराठवाड्यावर अन्याय झालाय, हे आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी कळतं. सिंचन, रस्ते, रेल्वे, सगळ्यांत आम्ही मागे. 1984 साली वि. म. दांडेकरांच्या समितीने हे मागेपण रीतसर मोजून अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द थेट चहाच्या टपरीवर येऊन बसला. पण त्या अहवालात भुतांचा रकाना नव्हता. अर्थशास्त्राची माणसं, राहून गेलं असेल. कोकणाने मात्र तेवढ्यात हात धुऊन घेतले.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका 2016 साली झी मराठीवर आली, ती सावंतवाडीकडच्या आकेरीतल्या वाड्यातून. 'तुंबाड' सिनेमा 2018चा, त्याचं तर नावच कोकणातल्या गावाचं. झावळी हलली की भीती, विहिरीत डोकावलं की भीती, मालिकेतल्या अण्णा नाईकांनी नुसतं बघितलं तरी भीती. त्या मालिकेने कोकणची बदनामी होते म्हणून तिकडच्या काही मंडळींनी तक्रारही केली होती. नको असेल तर ती बदनामी इकडे पाठवा की! आमच्याकडे पर्यटक वेरूळ-अजिंठा उरकतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. रात्री थांबावं असं आम्ही त्यांना काही दाखवलेलंच नाही.

आता मी राहतो आमच्या शहराच्या जुन्या बाजारात, शहागंजात, आणि इथली अडचण मला मान्य आहे. भुताला एकांत लागतो. चमन नावाच्या बागेभोवती फळांचे गाडे, त्यांच्यामागे चपला, चपलांमागे चादरी, मधून रिक्षा, आणि रिक्षातून बाहेर आलेला एक पाय. मुंजाला पिंपळ हवा असतो. इथल्या झाडाखाली गाडा, गाड्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीची दोरी झाडालाच बांधलेली. चकव्याला तर कामच नाही. सराफ्यातून सिटी चौकाकडे निघालेला नवखा माणूस आपला आपणच राजाबाजारात निघतो. जिन्न रात्री माणसाच्या वेषात येऊन हलवायाची सगळी मिठाई घेऊन जातो, असं जुनी माणसं सांगायची. रमजानमध्ये बाजार सहेरीपर्यंत जागा असतो, तेव्हा आला तर त्यालाही रांगेत उभं राहावं लागेल आणि मागचा म्हणेल, "आगे सरको भाई." मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका चाचांना मी एकदा विचारलं, इथं कधी भूतबीत दिसलं का. ते म्हणाले, "आने दो ना. पर ठैरेगा कां? हमकूच जगा नई."

शिवाय भुतं बाराच्या ठोक्याला निघतात. आमचं टॉवरचं घड्याळ बरीच वर्षं बंद होतं. ते अलीकडे दुरुस्त झालं. मधल्या काळात भुतांच्या पिढ्याच्या पिढ्या वाया गेल्या असतील.

भुताच्या गोष्टींबद्दल माझी मतं ठाम आहेत. दाराआडून एकदम कोणीतरी 'भॉ' करतं, ही भीती नव्हे, दचकणं आहे; ते काम रिक्षाचा हॉर्नही करतो. भीती घरातली लागते. 'तुंबाड'मध्ये लोकांना तो शापित देव हस्तर आठवतो, मला ती साखळदंडात बांधलेली म्हातारी आठवते. तिला वेळेवर जेवू घालायचं आणि ती जागी व्हायच्या आत सटकायचं. त्या म्हातारीचं मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत आहे, आणि धारपांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सगळेच आधीपासून घाबरून असतात, लेखकाने फक्त दिवा मंद करायचा.

हे साऱ्या जगाने ओळखलंय. माझा भाचा मोबाइलवर 'ग्रॅनी' नावाचा गेम खेळतो. 2017चा आहे, म्हणजे त्याच्या हिशेबाने पुराणातला. घरात कोंडलेले तुम्ही, हातात पाच दिवस, आणि एक म्हातारी. फळी करकरली, हातातून काही पडलं, की ती दांडका घेऊन हजर. दिवस वाया. भाचा यात इतका तरबेज झालाय की फळीला कळू न देता फळीवरून चालतो. पण तोच पठ्ठ्या रात्री आमचा फ्रिज उघडतो आणि आतल्या खोलीतून माझ्या आईचा आवाज येतो, "दूध झाकून ठेव रे." दिवा बंद, दार लोटलेलं, पंखा फुल स्पीडवर. हे त्या गेमवाल्याला सुचलेलं नाही.

उसना माल आणायलाही माझी ना नाही. 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा हॉलिवूडच्या बाहुल्याचा मावसभाऊ, पण 1993 साली रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात बोलला आणि लक्ष्याच्या मागे लागला, तेव्हा त्याचं मूळ गाव विचारायची कोणाची छाती झाली नाही. माल कुठूनही आणा, बिऱ्हाड इथं करा.

आणि जागा नाही असं तरी कोण म्हणतं? इथून बसने तासाभरात दौलताबाद, म्हणजेच देवगिरी. किल्ल्याच्या पोटात अंधारी आहे. खडकात कोरलेला, चढत वळत जाणारा काळोख. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, म्हणजे पाय अंदाज घेतो आणि अंदाज चुकतो. वटवाघळांचा वास आधी येतो, वटवाघळं नंतर. वाटाड्या मशाल घेऊन पुढे असतो आणि ऐन वळणावर "अब देखो" म्हणून ती बाजूला करतो; त्यानंतर बघण्यासारखं काही उरतच नाही. शत्रू इथं शिरला की चाचपडायचा, उजेड दिसला म्हणून तिकडे धावायचा, आणि तो उजेड खंदकावर उघडायचा. त्यातूनही कोणी वर पोचलाच, तर वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून सगळा धूर खाली सोडायची सोय. जपान्यांनी 1996 साली 'रेसिडेंट ईव्हिल' हा गेम काढला, बंद वाडा, चुकीची दारं, अंधारे जिने, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. आमच्याकडे हीच लेव्हल काही शतकं आधी तयार होती, तीही सेव्ह करायची सोय न ठेवता.

पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने 2020 साली 'राजी' हा गेम काढला, चांगला काढला, जगभर गेला, आणि त्यातले महाल कुठले? राजस्थानी वळणाचे. पुण्याहून राजस्थान दिसतं, देवगिरी दिसत नाही. अनुशेष म्हणतात तो हाच.

आमच्या भीतीची जातच वेगळी आहे, हे मला 'तुंबाड' 2024 साली पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा कळलं. पडद्यावर धो धो पाऊस, चिखल, ओल. सगळे गप्प. मागून एक काका म्हणाले, "एवढं पाणी पडतंय अन् म्हणे शापित गाव!" बरोबरच आहे. परदेशी सिनेमात मध्यरात्री नळ टपकायला लागतो आणि बाई किंचाळते. आमच्या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येतं. आमच्याकडे त्याच प्रसंगाला अख्खं घर "पाणी आलं, मोटर लाव" म्हणून उठेल आणि भुताच्या हातात हंडा देईल.

म्हणून मी एक गेम रचलाय. रात्रीचे अडीच. खाली मोटर, गच्चीत टाकी, मधे अंधारे जिने. जायकवाडी धरणातून निघालेला गिऱ्हा, पाण्यातलं भूत, पाइपलाइनच्या गळत्या चुकवत शहागंजात पोचलाय आणि आमच्या नळात बसलाय. नळ सोडावा तर तो बाहेर येतो, न सोडावा तर पाणी जातं. वीज केव्हाही जाईल. आजी कुठल्याही आवाजाला जागी होईल, आणि जागी झाली की पिंपापासून वाटीपर्यंत सगळं भरायला लावेल.

भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, यात बंदूक कुठं मिळते?"

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. गिऱ्ह्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "ते राहू दे. टाकी भरली का नाही शेवटी?"